‘विकृत’ म्हटलं की संपलं? काळे स्वभावगुण आणि गुन्ह्यांचे प्रकार

विषय जरा जड आहे, त्यामुळे आम्ही सुरुवात पनवेलपासूनच करतो.

एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने अश्विनी बिद्रे-गोरे खून खटल्याचा निकाल दिला. सहायक पोलीस निरीक्षक असलेल्या अश्विनी बिद्रे ११ एप्रिल २०१६ रोजी बेपत्ता झाल्या होत्या. मुख्य आरोपी अभय कुरुंदकर हे पोलीस खात्यातलेच वरिष्ठ अधिकारी. त्यांना जन्मठेप झाली. निकालाच्या दिवशी चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत एकच शब्द ऐकू येत होता, ‘विकृत’.

आता याच गावातली दुसरी गोष्ट. कर्नाळा नागरी सहकारी बँक. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द केला. त्याआधी जूनमध्ये ईडीने बँकेच्या माजी अध्यक्षांना अटक केली होती. तपास यंत्रणांचा आरोप असा की ६३ बनावट कर्जखाती उघडून पाचशे कोटींहून अधिक रक्कम दुसरीकडे वळवली गेली. हे आरोप आहेत, निकाल नव्हे, म्हणून आम्ही इथे नाव घेत नाही. पण एक निरीक्षण नोंदवतो. बँकेच्या दारात उभ्या असलेल्या ठेवीदारांनी ‘चोर’ म्हटलं, ‘लबाड’ म्हटलं, बरंच काही म्हटलं. ‘विकृत’ मात्र कुणाच्या तोंडी फारसं आलं नाही.

असं का? रक्त सांडलं की आपण माणसाच्या मनात डोकावायला जातो, आणि पैसा गेला की कागदपत्रात. खुनाला मानसशास्त्र आणि घोटाळ्याला लेखापरीक्षण, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं संशोधन ही वाटणी मोडू पाहतं. मोडताना ते काही बरोबर सांगतं आणि काही ठिकाणी, आमच्या मते, घसरतं. आज आपण दोन्ही बाजू तपासू.

२००२ मध्ये डेलरॉय पॉलहस आणि केव्हिन विल्यम्स या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. त्यात त्यांनी तीन स्वभावगुण एकत्र ठेवले आणि त्याला ‘डार्क ट्रायड’ म्हटलं, म्हणजे काळी त्रयी. पहिला नार्सिसिझम, दुसरा मॅकियाव्हेलीपणा, तिसरा सायकोपॅथी. पुढे बऱ्याच अभ्यासकांनी चौथा जोडला, परपीडनातून मिळणारं सुख, म्हणजे सॅडिझम.

यांना मराठीत काय म्हणायचं? नार्सिसिझमला काही जण ‘स्वमग्नता’ लिहितात. ते टाळावं, कारण तो शब्द आपण ऑटिझमसाठी वापरतो आणि त्या मुलांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ‘आत्मप्रौढी’ बरा. मॅकियाव्हेलीपणाला तर आपल्याकडे तयार शब्द आहे, पाताळयंत्री. सायकोपॅथीच्या जवळ जाणारा शब्द म्हणजे कोडगेपणा: दुसऱ्याच्या दुःखाचा ओरखडा उठत नाही, पश्चात्ताप नाही, आणि वर लगाम नसलेला उतावळेपणा. आपल्या आज्या माणसं ओळखायच्या ती याच शब्दांनी. एखाद्याला ‘घमेंडी आहे पण मनाचा वाईट नाही’ म्हणायच्या आणि दुसऱ्याला ‘आतल्या गाठीचा आहे, जपून राहा’. म्हणजे फरक त्यांना कळत होता. ‘विकृत’ या एका शब्दाने तो फरक पुसून टाकला.

आणखी एक गोंधळ इथेच सोडवू. ‘माथेफिरू’, ‘मनोरुग्ण’, ‘सायको’ हे शब्द आपण एकाच पिशवीत भरतो. १९६० च्या दशकात मुंबईत झोपलेल्या माणसांना मारणारा रमण राघव डॉक्टरांच्या तपासणीत स्किझोफ्रेनियाचा रुग्ण ठरला आणि त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. त्याचा वास्तवाशी संबंध तुटलेला होता. सायकोपॅथी याच्या अगदी उलट. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वे क्लेकली यांनी १९४१ मध्ये या माणसांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘द मास्क ऑफ सॅनिटी’, म्हणजे शहाणपणाचा मुखवटा. अशा माणसाला सगळं कळत असतं. फक्त त्याचं त्याला काही वाटत नाही. कायदाही हा फरक करतो. भ्रमिष्ट अवस्थेतल्या कृत्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ खाली बचाव होता, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. कोडगेपणाला तो बचाव मिळत नाही. आणि स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं कुणाच्या वाटेला जात नाहीत, हेही या निमित्ताने ठासून सांगायला हवं.

तर हे गुण आणि गुन्हे यांचं नातं काय? या संशोधनातला सगळ्यात उपयोगी भाग आम्हाला वाटतो तो हा: प्रत्येक गुणाचा गुन्ह्याकडे जाणारा रस्ता वेगळा आहे.

आत्मप्रौढ माणूस सरसकट हिंसक नसतो. त्याच्या मोठेपणाला धक्का लागला की तो पेटतो. ब्रॅड बुशमन आणि रॉय बॉमेस्टर यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना निबंध लिहायला सांगितला, मग ‘इतका वाईट निबंध वाचला नाही’ अशा थाटाचा शेरा मारला. त्यानंतर शेरा मारणाऱ्याला कर्कश आवाजाचा झटका देण्याची संधी दिली. आत्मप्रौढी जास्त असलेल्यांनी अपमान करणाऱ्याला जास्त जोरात झटके दिले. तिसऱ्या, तटस्थ माणसाला मात्र नाही. म्हणजे हा राग माणूस बघून येतो. ‘मला नाही म्हणतेस?’ या वाक्यापासून सुरू होणारी हिंसा आठवा. महाराष्ट्रातल्या कितीतरी एकतर्फी प्रेमातल्या हल्ल्यांच्या बातम्या त्या वाक्यावर उभ्या आहेत.

पाताळयंत्री माणूस सहसा हात उगारत नाही. त्यात तोटा असतो. १९७० मध्ये रिचर्ड ख्रिस्ती आणि फ्लॉरेन्स गाईस यांनी या स्वभावाची मोजपट्टी मांडली, तेव्हापासून दिसतं की हा माणूस थांबतो, हिशेब करतो, आपली अब्रू जपतो. त्याचा गुन्हा झालाच तर तो सहीचा, शिक्क्याचा, दुसऱ्याच्या नावावरचा. आणि सापडण्याची भीती खरी असेल तर तो बऱ्याचदा मागे सरतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोडगा आणि उतावळा माणूस मात्र शिक्षेच्या भीतीने थांबत नाही. मारामारी, चोरी, फसवणूक, धमकी, सगळं थोडं थोडं. त्याच्या गुन्ह्यांत विविधता असते आणि सुरुवात लहानपणी झालेली असते.

आणि परपीडक? २०१३ मध्ये एरिन बकल्स आणि सहकाऱ्यांनी लोकांपुढे काही अप्रिय कामांचे पर्याय ठेवले: किडे यंत्रात घालून मारायचे, मारणाऱ्याला मदत करायची, संडास साफ करायचा किंवा बर्फाच्या पाण्यात हात धरून ठेवायचा. काहींनी आपणहून किडे मारणं निवडलं. किड्यांना कपांमध्ये नावंसुद्धा दिलेली होती. प्रत्यक्षात एकही किडा मेला नाही, यंत्रात तशी सोय होती. पण निवड दिसली. अशा माणसाला गुन्ह्यातून मिळवायचं काही नसतं, समोरच्याचं कळवळणं हेच त्याचं मिळवणं.

इथपर्यंत आम्ही या संशोधनाबरोबर आहोत. आता तक्रारी.

पहिली तक्रार, मोजमापाची. तुरुंगातल्या अभ्यासात सर्वाधिक वापरली जाते ती रॉबर्ट हेअर यांची सायकोपॅथीची यादी. वीस मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण ४०, आणि तीस किंवा जास्त झाले की शिक्का. ती वापरायला प्रशिक्षण लागतं, मुलाखत लागते, जुनी कागदपत्रं लागतात. मुद्दे बघा. वरवरचं गोड बोलणं, खोटेपणा, पश्चात्ताप नसणं, हे ठीक. पण त्याच यादीत बालगुन्हेगारी आहे, जामीन किंवा पॅरोलच्या अटी मोडणं आहे, निरनिराळ्या प्रकारचे गुन्हे केलेले असणं आहे. म्हणजे आधी गुन्हे मोजायचे, त्याला स्वभाव म्हणायचं, आणि मग जाहीर करायचं की या स्वभावामुळे गुन्हे होतात. आंबा आंबट का, तर त्यात आंबटपणा आहे म्हणून! ही टीका आमची एकट्याची नाही, त्या क्षेत्रातल्या अभ्यासकांनीही ती केली आहे. पुढच्या हिंसेचा अंदाज येतो तो मुख्यतः यादीतल्या वर्तनाच्या भागावरून. थंडपणा, मोहकपणा या भागाचा हातभार त्या मानाने कमी.

दुसरी तक्रार, नमुन्याची. काळ्या त्रयीच्या प्रश्नावल्या छोट्या असतात. एक तर अवघ्या बारा वाक्यांची आहे. त्या बऱ्याचदा पाश्चात्त्य देशांतल्या विद्यार्थ्यांकडून किंवा ऑनलाइन भरून घेतल्या जातात, आणि ‘तुम्ही कधी गुन्हा केला का’ हेही त्यांनाच विचारलं जातं. पाताळयंत्री माणूस प्रश्नावलीत खरं लिहील, हा विश्वास कुठून आला?

तिसरी तक्रार गणिताची. समजा एक लाख वस्तीचं गाव आहे आणि सायकोपॅथीचा अंदाज साधारण एक टक्का धरला. म्हणजे हजार माणसं. या हजारांपैकी खून करणारे किती? हाताच्या बोटांवर, किंवा एकही नाही. उरलेले दुकान चालवतात, गाडी चालवतात, कचेरीत बसतात. घरच्यांना त्रास देत असतील, पण पोलीस डायरीत त्यांचं नाव नाही. ‘गुन्हेगारांत हा गुण जास्त’ आणि ‘हा गुण असलेला गुन्हेगार’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मोबाइलवर ‘तुमचा बॉस सायकोपॅथ आहे का, दहा लक्षणं’ असं येतं ना, ते पहिल्या वाक्याचं दुसरं करून विकतात.

आता कुणी म्हणेल, मग काय, स्वभाव काहीच नसतो? सगळी परिस्थितीच? तसं आम्ही म्हणत नाही. मार्विन वुल्फगँग यांनी फिलाडेल्फियातल्या जवळपास दहा हजार मुलांची नोंद तपासली. १९७२ च्या त्या अभ्यासात सुमारे सहा टक्के मुलांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे निघाले. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये याला चौकट दिली: बहुतेक मुलं वयात येताना वाकडी जातात आणि पुन्हा सरळ होतात, थोडी मुलं मात्र लहानपणापासून आयुष्यभर त्याच वाटेवर राहतात. तेव्हा माणसामाणसांत फरक आहेच. प्रश्न असा की तो फरक गुन्ह्याचं किती स्पष्टीकरण देतो.

पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण घ्या. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून. करणारे अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी, आणि पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मुलगा. नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली. एक जण माफीचा साक्षीदार झाला. आता एकाच कॉलेजात, एकाच वेळी, इतके जन्मजात कोडगे एकत्र कसे आले? योगायोगाने? आम्हाला जास्त पटतं ते असं की एखादा तसा असेल, बाकीचे त्याच्या सावलीत तसे झाले. पहिल्या खुनानंतर कुणालाच मागे फिरता येईना, कारण प्रत्येकजण दुसऱ्याचा साक्षीदार होता. टोळीचा म्हणून एक स्वभाव असतो. तो कुठल्याच प्रश्नावलीत मोजला जात नाही.

आता पुन्हा पनवेलला येऊ. बिद्रे प्रकरणात आरोपीचा स्वभाव कसा होता हे आम्ही सांगणार नाही. तपासणी न करता निदान करणं हा अगोचरपणा आहे, मग तो टीव्हीवरच्या तज्ज्ञाने केला तरी. पण नोंदीवर असलेल्या गोष्टी पाहा. एप्रिल २०१६ मध्ये अश्विनी बेपत्ता झाल्या. जानेवारी २०१७ मध्ये कुरुंदकरांना राष्ट्रपतींचं पोलीस पदक जाहीर झालं. अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. या पदकाची शिफारस झालीच कशी, असा सवाल पुढे न्यायालयानेही केला. त्या वीस महिन्यांत गणवेश अंगावर होता, अधिकार हातात होता, आणि दारोदार फिरत होतं ते अश्विनीचं कुटुंब. ‘तो विकृत होता’ या वाक्यात ते वीस महिने कुठे बसतात? ज्यांनी शिफारस केली, ज्यांनी फाइल पुढे सरकवली नाही, ते सगळेच विकृत होते का? नव्हते. साधी माणसं होती, आपल्यासारखी. वरिष्ठाविरुद्ध कागद करायला बिचकणारी.

बँकेचंही तसंच. समजा आरोप न्यायालयात सिद्ध झाले. तरी ६३ खाती एका माणसाच्या स्वभावातून उघडत नाहीत. कर्जाचा अर्ज लागतो, छाननी लागते, संचालकांची मंजुरी लागते, दरवर्षीचं लेखापरीक्षण लागतं. डोनाल्ड क्रेसी यांनी १९५३ मध्ये अफरातफर करून तुरुंगात गेलेल्या माणसांच्या मुलाखतींवर पुस्तक लिहिलं. त्यांना राक्षस सापडले नाहीत. तीन गोष्टी सापडल्या: कुणाला सांगता न येणारी आर्थिक अडचण, हाताशी असलेली संधी, आणि मनाची समजूत. ‘उसने घेतोय, परत टाकीन.’ आमच्या लोकांसाठीच करतोय. सहकारातल्या घोटाळ्यांत ही तिसरी गोष्ट फार गोड भाषेत येते, कारण आपल्याकडे बँक, पतपेढी, शाळा, क्रीडासंकुल, पक्ष यांची नाती गावकीसारखी असतात. ‘साहेबांनी गावासाठी एवढं केलं’ असं म्हटलं की लेखापरीक्षकाची लेखणी अडखळते.

आणि आता मघाचं लक्षात ठेवायला सांगितलेलं आठवा. हिशेबी माणूस सापडण्याच्या भीतीने थांबतो. म्हणजे ज्या गुन्ह्याला आपण स्वभावाचं लेबल लावत नाही, तोच गुन्हा देखरेखीने सगळ्यात जास्त रोखता येण्यासारखा आहे. स्वभावांच्या अभ्यासातून निघणारा हा धडा आम्हाला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. ठेवींवरचं विम्याचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत झालं, म्हणून कर्नाळाच्या बहुसंख्य ठेवीदारांना वाट तरी मिळाली. पाच लाखांवर ज्यांची निवृत्तीची पुंजी होती, त्यांना विचारा की हिंसा म्हणजे काय.

शेवटची तक्रार सगळ्यात जुनी आहे. १८७६ मध्ये इटलीच्या सेझारे लोम्ब्रोसो यांनी लिहिलं की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, चेहऱ्यावरूनही ओळखता येतो. त्याआधी पाच वर्षं, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत झाली, तिचं नाव ‘सेटलमेंट’ अजून लोकांच्या तोंडी आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, कलंक गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचलं असेल तर पोलीस आधी कुणाच्या झोपडीत शिरतात हे वेगळं सांगायला नको.

म्हणून ‘काही माणसं मुळातच तशी असतात’ हे वाक्य महाराष्ट्रात बोलताना जीभ जरा जड व्हायला हवी. ते वाक्य आपण एकदा कायद्यात लिहून पाहिलं आहे. तेव्हा ते बँकेच्या संचालकाला लागलं नाही, पालावरच्या माणसाला लागलं. उद्या एखाद्या संगणकाने ‘हा मुलगा धोक्याचा’ असा गुण दिला, तर तो कुणाच्या मुलाला मिळेल, याचा विचार आत्ताच करून ठेवा.

मग या ज्ञानाचं करायचं काय? आमचं उत्तर साधं आहे. शिक्का म्हणून वापरू नये, चौकशीची सुरुवात म्हणून वापरावं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सांगितलं की फाशीचा विचार करण्याआधी आरोपीची मानसिक स्थिती आणि पार्श्वभूमी यांची माहिती न्यायालयापुढे आली पाहिजे. ही दिशा आम्हाला योग्य वाटते. तिथे मानसशास्त्र माणूस समजून घ्यायला येतं, निकाल आधीच लावायला नाही. शाळेत, निरीक्षणगृहात, मूल लहान असताना, जेव्हा काही बदलू शकतं, तिथे ते आणखी उपयोगी. आणि खात्यात, बँकेत, संस्थेत प्रश्न विचारायचा तो असा: इथे एखादा घमेंडी, पाताळयंत्री किंवा कोडगा माणूस खुर्चीत बसलाच, तर त्याला कोण अडवणार आहे, आणि अडवणाऱ्याचं रक्षण कोण करणार?

अशी माणसं पूर्वीही होती, पुढेही असतील. आपल्या हातात आहे ती खुर्चीची रचना. पुढच्या वेळी बातमीत ‘विकृत’ हा शब्द वाचलात तर क्षणभर थांबा आणि विचारा, त्याच्या आजूबाजूला कोण होतं, त्यांनी काय पाहिलं आणि कधी तोंड उघडलं. अश्विनी बिद्रेंच्या घरच्यांनी हे प्रश्न नऊ वर्षं विचारले, तेव्हा कुठे निकाल लागला.

इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा.